दर रविवारी दोन बादल्या

छातीची शिवण अजून ओली, नाकात नळी, आणि नीट शुद्धीवर आल्यावर छिंग-युआनच्या तोंडून पहिला शब्द कोणता निघाला असेल? देवाचं नाव नाही, आईचं नाही, डॉक्टर कुठे आहेत हेही नाही.

"पाणी बदललंस?"

पाओ-चूला हसावं की रडावं कळेना. "दादा, तुझ्या हृदयाच्या तीन वाहिन्या बदलल्यात. पाण्याचं काय घेऊन बसलास?"

"आज रविवार ना?"

"शनिवार आहे."

"मग उद्या," असं म्हणून तो पुन्हा झोपून गेला.

हा माणूस असाच. वय त्रेसष्ट. काओश्युंगच्या बंदरात मोठाली जहाजं ओढून धक्क्याला लावणाऱ्या बोटीवर बत्तीस वर्षं इंजिन सांभाळलं. लग्न केलं नाही. का नाही केलं, ते पाओ-चूला पक्कं ठाऊक होतं. आईवडील गेले तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि तो एकवीसचा. तिची शाळा, तिचं लग्न, तिच्या नवऱ्याचं आजारपण, तो गेल्यावर तिचं न्याहारीचं दुकान, या सगळ्यात दादा होता. स्वतःसाठी त्याने जन्मात एकच गोष्ट केली. चीजिन बेटावरच्या आपल्या घरात, पुढच्या खोलीत, पाच फुटांची काचेची टाकी मांडली आणि तिच्यात समुद्र वाढवला.

वाढवला म्हणजे खरंच वाढवला हो. हिरव्या बोटांचा एक प्रवाळ होता. आणला तेव्हा त्याला दोन बोटं होती, अठरा वर्षांत तो कोबीच्या गड्ड्यापेक्षा मोठा झाला होता. निळ्या ओठांचा एक शिंपला होता. एक समुद्रफूल होतं, त्यात नारिंगी माशांचं जोडपं राहायचं. शिवाय लाल-पांढऱ्या पट्ट्यांची एक कोळंबी, जी दादाच्या हाताची नखं साफ करायची. या सगळ्यांसाठी दादाचा कायदा एकच होता. दर रविवारी दोन बादल्या जुनं पाणी काढायचं, दोन बादल्या नवं घालायचं.

इस्पितळात जायच्या आधी त्याने तिला टाकीपुढे उभं करून शिकवलं होतं. "आदल्या दिवशी मीठ कालवायचं. रात्रभर त्यात हवा सोडायची. दुसऱ्या दिवशी खारेपणा मोजायचा आणि मगच ओतायचं. दोन बादल्या. तीन नाही, दीड नाही. रविवारी. सोमवारी नाही."

"का, सोमवारी मासे संपावर जातात?"

"तू दुकानात कालचं सोयाचं दूध विकतेस का?"

"विकते की. तुलाच देते."

दादा हसला होता. मग गंभीर होऊन म्हणाला होता, "पाओ, खाणं टाकायला यंत्र आहे. पाणी गार ठेवायला यंत्र आहे. आटलेलं भरून काढायलाही आहे. पाणी बदलायला तेवढं माणूस लागतं. आणि माझ्याकडे माणूस तू एकच आहेस."

पहिला रविवार तिने अगदी नेमाने पार पाडला. पाणी दादाने आधीच कालवून ठेवलं होतं, त्यामुळे फार काही करायचं नव्हतं. ओतून झाल्यावर ती थोडा वेळ टाकीपुढे बसलीसुद्धा. इस्पितळात जाऊन सांगितलं, तर दादाचा चेहरा असा उजळला की शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानेही विचारलं, नातू झाला का म्हणून.

गाडं अडलं दुसऱ्या रविवारी. न्याहारीच्या दुकानाचा रविवार म्हणजे काय, ते ज्याने दुकान चालवलंय त्यालाच कळेल. पहाटे चारपासून अंड्याची धिरडी उलटायची आणि मुळ्याच्या वड्या तळायच्या. "मावशी, माझं झालं का?" "मावशी, तिखट कमी!" दीड वाजता शटर ओढलं तेव्हा तिचे पाय लाकडाचे झाले होते. स्कूटर घेऊन ती फेरीबोटीच्या धक्क्यावर आली, तर ही रांग! पोरंबाळं, पतंग, फुगे. निम्मं शहर चीजिनला मासे खायला निघालेलं. बोगद्याने जायचं तर केवढा लांबचा वळसा. शिवाय शनिवारी जाऊन मीठ कालवायला हवं होतं, ते तिने केलंच नव्हतं. म्हणजे आज जाऊन कालवायचं आणि उद्या पुन्हा जाऊन ओतायचं. पाओ-चू स्कूटरवर पाच मिनिटं बसली आणि तिने स्कूटर वळवली. उद्या करू, ती स्वतःशी म्हणाली.

संध्याकाळी ती जिताड्याचं सूप घेऊन इस्पितळात गेली. टाके भरून यायला जिताडाच हवा, त्यात तडजोड नाही. दादाने चमचाही हातात घेतला नाही.

"पाणी बदललंस?"

"हो."

शब्द निघून गेला. तिने काही ठरवलं नव्हतं. नाही म्हटलं तर दादा रुसेल, सूप पिणार नाही, एवढंच डोक्यात होतं.

"हिरवा कसा आहे?"

"मस्त डुलतोय."

"आणि शिंपला?"

"उघडा होता. ओठ असे निळे की बघत राहावं."

दादाने वाटीभर सूप संपवलं, वर आणखी अर्धी वाटी मागितली. परिचारिका म्हणाली, "ताई, तुम्ही आलात की यांचा रक्तदाब सुधारतो बघा." खोटं बोलून माणूस बरा होत असेल तर बोलावं की, असं पाओ-चूच्या मनात आलं. 

तो सोमवार गेला. मंगळवार, बुधवारही गेले. टाके पिकले आणि शनिवारी दादाला ताप भरला. तिसऱ्या रविवारी दुकान बंद ठेवून ती दिवसभर त्याच्या उशाशी बसून होती. त्या दिवशी खरं सांगायला कारण होतं. कुणीही समजून घेतलं असतं. पण आधीच्या रविवारचं खोटं मध्ये उभं होतं. तापात लालबुंद झालेल्या दादाने विचारलं आणि ती म्हणाली, "हो रे बाबा, सकाळी जाऊन आले. तू झोप."

"एवढ्या धावपळीत गेलीस?" त्याने तिचा हात धरला. "वेडी कुठली."

तो हात धरून ठेवणं तिला सहन होईना. भांडी विसळायच्या निमित्ताने ती उठली.

त्याच आठवड्यात यिऊ गुरुजी दादाला भेटायला आले. हे दादाच्या शेजारच्या गल्लीत राहायचे. निवृत्त विज्ञान शिक्षक, स्वतःही टाकीवाले, आणि दादाचे जानी दोस्त कम वैरी. गुरुजींनी आपल्या टाकीचं पाणी तीन वर्षांत बदललं नव्हतं आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता.

"काय हो," गुरुजी खुर्ची ओढत म्हणाले, "बहिणीला कामाला लावलंत म्हणे. अहो, समुद्राचं पाणी कोण बदलतं? देव येतो का दर रविवारी बादली घेऊन?"

"समुद्र केवढा, तुमची टाकी केवढी! तुमच्या टाकीत पाणी नाहीच गुरुजी, चहा आहे. रंग बघा त्याचा."

"चहा तर चहा. माझे प्रवाळ जगतात ना त्यात?"

"माझ्या पाओने एकही रविवार चुकवला नाही," दादा म्हणाला. "विचारा तिला. तुम्हाला चहा लखलाभ."

गुरुजींनी हसत तिच्याकडे पाहिलं. पाओ-चू पेरू कापत होती. तिने मान हलवली आणि पेरूच्या फोडी अगदी सारख्या कापण्यात जीव ओतला.

चौथ्या रविवारी डॉक्टरांनी तिला बाहेरच गाठलं. दादाला छातीचा फोटो काढायला नेलं होतं. "बुधवारी घेऊन जा घरी," डॉक्टर म्हणाले. "जखम सुकली. हृदय अगदी नव्यासारखं चालतंय. फिरू द्या, जिने चढू द्या. भांडायचं असेल तर भांडूही द्या."

आनंदाने ती रडायलाच लागली. दादा परत आला तसं तिने त्याला सगळं सांगितलं, भांडायचं सुद्धा. आणि त्याच आनंदात तिच्या ध्यानात आलं. बुधवार!

ती तशीच चीजिनला धावली. दार उघडलं, टाकीपुढे गेली, आणि तिला दिसली ती फक्त काच. काचेवर तपकिरी साय धरली होती. आत सगळं जिवंत होतं. हिरवा डुलत होता, शिंपला उघडा होता, कोळंबी दगडावर बसून मिशा हलवत होती. पण ज्याच्या मनात पाप असतं, त्याला काच दिसते. दादा दारातून आत येणार, काच बघणार आणि ओळखणार, एवढंच तिला कळत होतं. तीन रविवार राहिले म्हणजे सहा बादल्या राहिल्या. सहा बादल्या पाणी कालवणार कशात? मिठाची गोणीसुद्धा तळाला गेली होती.

नेमका तेव्हाच फोन वाजला. थुंग-लिआंग होता, तिचा मावसभाऊ. दक्षिणेला चिआतुंगला त्याची हेकरू माशांची तळी होती.

"अक्का, दादा घरी येतोय म्हणे! उद्या सकाळी एक जिवंत हेकरू घेऊन येतो. चांगला जाडजूड. सूप कर त्याला."

"थुंग-लिआंग, तुझ्या तळ्यांना पाणी कुठून येतं रे?"

"कुठून म्हणजे? समुद्रातून. पाइप टाकलाय आत लांबपर्यंत. पाटाच्या पाण्यावर हेकरू वाढतात होय?"

"मग मला थोडं आण. चार पिंपं."

"कशाला गं?"

"दादाच्या माशांना."

"हात्तिच्या! चार कशाला, सहा आणतो."

पाओ-चूला वाटलं, देवच पावला. मिठाची कालवाकालव करायची दादाला काय हौस! हे तर समुद्राचं अस्सल पाणी, आणि त्यात मासे वाढतायत, जाडजूड होतायत. याहून चांगलं काय असणार? कुठलाही हेकरूवाल्याचा नातेवाईक असाच विचार करील. तिने तो केला.

सोमवारी तिचं दुकान बंद असतं. थुंग-लिआंग ट्रक घेऊन बोगद्यातून बेटावर आला, मासा दिला, पिंपं उतरवली, चहा पिऊन गेला. पाओ-चूने नळी लावून निम्मी टाकी उपसली आणि नवं पाणी ओतलं. दोन बादल्यांच्या जागी बारा झाल्या असतील. काच आतून-बाहेरून पुसली. नारिंगी जोडपं नव्या पाण्यात मजेत फिरत होतं. सगळं कसं झगझगीत! तीन रविवारांचं ओझं उतरलं म्हणून तिने सुस्कारा सोडला. वाटू द्या बिचारीला, एक दिवस तरी वाटू द्या.

मंगळवारी दुपारी दुकान आवरून ती आली, तर दारातच वास आला.

पाणी गढूळ झालं होतं. कोळंबी उताणी पडली होती, पांढरीफटक. शिंपला आ वासून होता आणि त्यातलं मांस लोंबत होतं. समुद्रफुलाचा चिकट गोळा होऊन तो पंपाच्या जाळीला चिकटला होता. आणि हिरवा! हिरव्याची सगळी बोटं गळून खाली वाळूत पडली होती, वर नुसता हाडांसारखा सांगाडा. फक्त मासे जिवंत होते. नारिंगी जोडपं आपलं घर जिथे होतं त्या कोपऱ्यात नुसतं गोल गोल फिरत होतं.

पाओ-चूने धावत जाऊन यिऊ गुरुजींना बोलावून आणलं. गुरुजी टाकीपुढे उभे राहिले. घरी जाऊन तपासायची पेटी घेऊन आले. छोट्या नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले, रंग बदलला तो कागदावरच्या रंगाशी ताडून पाहिला.

"तांबं," ते म्हणाले. "भरपूर तांबं आहे यात. काय ओतलंस?"

तिने सांगितलं. बोलता बोलता थुंग-लिआंगला फोन लावला. तो पलीकडून बिनधास्त म्हणाला, "हो मग! रस्त्याकडच्या तळ्यात गुरुवारी मोरचूद टाकलं होतं. माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आलेले ना. ट्रक तिथेच उभा होता म्हणून तिथलंच पाणी भरलं. अक्का, काळजी करू नकोस, माशांना काही होत नाही त्याने. तुझा सूपचा मासा तर घरामागच्या तळ्यातला होता, तो वेगळा."

"अरे, प्रवाळ मेले सगळे!"

"प्रवाळ?" तो गडबडला. "तू माशांना म्हणालीस. प्रवाळांचं कुठे बोललीस?"

तिने फोन ठेवला. तो बरोबरच बोलत होता.

"मोरचूद म्हणजे तांबंच. त्याने मासे टिकतात. बाकी काही टिकत नाही," गुरुजी म्हणाले. "आणि हे दगडात, वाळूत मुरतं. दगडसुद्धा टाकून द्यावे लागतील. पण पाओ-चू, मला एक कळत नाही. तू दर रविवारी बदलत होतीस ना? मग हे एवढं कशाला?"

आता लपवून काय उपयोग होता? तिने सगळं सांगून टाकलं, फेरीच्या रांगेपासून. गुरुजींनी चष्मा काढला.

"अगं, तीन रविवार! तीन रविवार म्हणजे काय? मी तीन वर्षं बदललं नाही. तू काहीही केलं नसतंस ना, नुसती घरी बसली असतीस, तर आज सगळं जिवंत असतं."

 चूक केली म्हणून काही मेलं नव्हतं. चूक झाकायला गेली, म्हणून मेलं होतं.

"त्याला उद्या सांग," गुरुजी म्हणाले. "आत येण्याआधी, दारातच सांग. काच बघून त्याला कळायला नको."

आणि इथे पाओ-चूने काय करावं? तिला वाटलं, एवढं सांगून झालं, आता तोंड सरळ झालं असेल. पण तोंडाला वळण लागलं होतं ना. "कसं सांगू, गुरुजी? डॉक्टर म्हणाले, त्याला धक्का बसता कामा नये. हृदय अजून नाजूक आहे."

गुरुजी दचकले. "असं म्हणाले?"

"हो."

"मग थांब. मग मीही काही बोलत नाही." आणि ते भले गृहस्थ बाही वर करून तिच्याबरोबर मेलेलं सगळं काढायला लागले.

बुधवारी टॅक्सी बोगद्यातून निघाली. दादा खिडकीशी बसला होता. जवळजवळ महिन्याभरात गालफडं बसली होती, पण डोळे लहान मुलासारखे. "आधी हिरव्याला बघणार," तो म्हणाला. "मग हात घालणार. कोळंबी ओळखते का बघू. विसरली असेल लबाड." पाओ-चू म्हणाली, "हं." सांग, सांग, ती स्वतःला म्हणत होती. बोगदा संपला. गल्ली आली. दार आलं.

दादा आत गेला आणि थांबला. टाकीत गढूळ पाणी, उघडे दगड आणि दोन नारिंगी मासे होते. त्याने काचेवर तळहात टेकवला.  मग हळूच स्टुलावर बसला.

"कधी झालं?"

"काल."

"एका दिवसात?"

"हो, दादा."

"मीठ शनिवारी कालवायचीस ना?"

"...हो."

"दोनच बादल्या?"

 तिने मान हलवली. आणि दादा काय म्हणाला असेल? तो म्हणाला, "मग तुझी काही चूक नाही. रडू नकोस. माझंच चुकलं कुठेतरी."

त्याने तिच्या पाठीवरून हात फिरवला. पाओ-चूला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. तिने शिव्या खाल्ल्या असत्या. मारही खाल्ला असता.

तेवढ्यात यिऊ गुरुजी केळ्यांची फणी घेऊन आले आणि दारातच थबकले. दादाने त्यांना पाहून हसायचा प्रयत्न केला. "या गुरुजी. तुम्ही जिंकलात."

"काय म्हणताय?"

"पोरीने एक रविवार चुकवला नाही. मी तापाने फणफणलो होतो, तरी गेली होती. मी सांगितलं तसं, अक्षर न् अक्षर केलं. आणि तरी बघा. म्हणजे माझंच सगळं खोटं. अठरा वर्षं मी लोकांना सांगत सुटलोय, दर रविवारी दोन बादल्या, दर रविवारी दोन बादल्या. किती जण माझं ऐकून तसं करत असतील!" त्याने खिशातून फोन काढला, चष्मा लावला, टाकीवाल्यांचा ग्रुप उघडला. "सांगायला हवं त्यांना. म्हणावं, माझं ऐकू नका. मला काही कळत नाही."

गुरुजींनी पाओ-चूकडे पाहिलं.  केळी हातात तशीच.

दादाचं बोट एकेक अक्षर शोधत चाललं होतं. त्याच्या त्या बोटाकडे बघताना तिच्याने राहवेना. तिने त्याच्या हातातून फोन ओढून घेतला.

"मी नाही बदललं!" ती ओरडली. "पहिल्या रविवारी फक्त. मग नाही. एकदाही नाही, दादा. फेरीला रांग होती, मी परत गेले. तुला खोटं सांगितलं. तापाच्या दिवशी मी तुझ्याजवळच होते, तेव्हाही खोटं. हिरवा डुलतो, शिंपला उघडा, सगळं बसल्या जागी बनवून सांगितलं. आणि सोमवारी थुंग-लिआंगच्या तळ्याचं पाणी आणून ओतलं, त्यात मोरचूद होतं. मी मारलं सगळं. तुझं काही चुकलं नाही. तुझं काही म्हणजे काही चुकलं नाही."

 दादा तिच्याकडे बघत होता. रागावलेला दिसत नव्हता. काहीतरी नीट ऐकू न आल्यासारखा बघत होता.

यिऊ गुरुजींना वाटलं आपण मध्ये पडावं. "तिला बोलू नका हो. मीच काल म्हणालो होतो, दारातच सांग. पण डॉक्टरांनी बजावलंय, तुमचं हृदय नाजूक आहे, धक्का नको. म्हणून बिचारी गप्प बसली."

"डॉक्टर असं म्हणाले?" दादाने विचारलं.

पाओ-चूने हातातला फोन घट्ट धरला.

"मला तू म्हणालीस, हृदय नव्यासारखं झालंय. भांडलास तरी चालेल म्हणाले, असं म्हणालीस."

"ते खरं आहे! दादा, तेच खरं आहे. गुरुजींना मी खोटं सांगितलं. तुला सांगायला लागू नये म्हणून. तुला सांगितलं ते खरं."

"हं," दादा म्हणाला.

"शपथेवर सांगते. आईची शपथ."

"शपथ कशाला घेतेस?" तो शांतपणे म्हणाला. इस्पितळाच्या कागदांची पिशवी त्याने मांडीवर घेतली. वरचा कागद काढून हात लांब करून धरला, त्यावरचा नंबर वाचला. "फोन दे माझा."

तिने दिला. त्याने एकेक आकडा दाबला. पलीकडे परिचारिका आली असावी. दादाने आपलं नाव सांगितलं, खाट सांगितली, आणि मग खालच्या आवाजात, परक्याकडे काही मागावं तसं म्हणाला, "एक विचारायचं होतं. डॉक्टर माझ्या हृदयाबद्दल नेमकं काय म्हणाले, ते जरा वाचून दाखवाल का? हो, थांबतो की."

तो थांबला. पाओ-चू उभी होती. आयुष्यात कुणाच्या उत्तराची तिने एवढी वाट पाहिली नव्हती, आणि उत्तर तर तिला माहीत होतं.

"बरं. बरं. आभारी आहे हं." त्याने फोन ठेवला आणि गुरुजींकडे वळला. "चांगलं आहे म्हणाल्या. नव्यासारखं. काही काळजी नाही."

"वा वा," गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज पडला होता.

"शुक्रवारी तपासणी आहे. याल माझ्याबरोबर? डॉक्टर भराभर बोलतात. ऐकायला कुणीतरी हवं."

"मी येते ना," पाओ-चू म्हणाली. "मी दुकान बंद ठेवते."

"नको. तू दुकान सांभाळ. गुरुजी येतील."

त्याच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. एखाद्या बोटीचं इंजिन बिघडलं की दुसरी बोट लावतात, तसं त्याने सांगितलं. गुरुजींनी केळी टेबलावर ठेवली, येतो म्हणाले आणि पायात चप्पल नीट न घालताच गेले.

पाओ-चू स्वयंपाकघरात गेली. हेकरूचं सूप गरम केलं, आलं घातलं, वाटी भरून आणली. दादाने वाटी घेतली. आता तो बोलेल, तिला वाटलं. आता तरी ओरडेल. तो फुंकर घालून दोन चमचे प्यायला.

"तू जेवलीस?"

"हो," तिच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

दादाने चमचा वाटीत ठेवला आणि मान वर केली.

"खरंच?"

नऊ वर्षांची होती तेव्हापासून रोज तो तिला जेवलीस का म्हणून विचारत आला होता. दुसऱ्यांदा कधीच विचारलं नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "सकाळपासून काही खाल्लं नाही."